खाजणातलं माहेर आणि सासर

कोलाडजवळ कुंडलिका भर एप्रिलमध्येही सकाळी फुगते. रबरी तराफ्यांत बसून आरडाओरडा करत खाली जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मंडळींना हे पाणी कुठून येतं याची फिकीर नसते. ते येतं घाटावरून. मुळशीच्या धरणात अडवलेलं मुळा नदीचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला येतं, १९२७ साली सुरू झालेल्या वीजघरातली चक्रं फिरवतं आणि कुंडलिकेत पडतं. एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते पाणी कोलाड, रोहा करत रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं.

रोह्याकडे नदीची खाडी होते. पूर्वी भरतीच्या पाण्यावर होड्या रोह्यापर्यंत येत. पुढे दोन्ही काठांना तिवरं, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, आणि मुखाशी एका अंगाला रेवदंडा, दुसऱ्या अंगाला कोर्लईचा किल्ला. उत्तरेला पेण तालुक्यात अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते. तिथला खालचा मुलूख तर माणसाने समुद्राशी भांडून मिळवलेला. खाडीला बांध घालायचा, बांधात उघाडी ठेवायची, ओहोटीला आतलं गोडं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी बाहेरच अडवायचं. आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे केलं, म्हणून खारेपाटात भात पिकला. १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींसाठी वेगळा कायदा केला, आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या मातीत तग धरणारी भाताची वाणं काढली.

तिवरं, चिखल, मिठागर, बांध आणि बांधाआडची पाणथळ शेतं अशा या मिश्र मुलखात पेणचे गणपती गावोगाव विसर्जित होतात न होतात तोच पाखरं उतरू लागतात. मुठीत मावतील असे चिखले, शेपटी हलवणारे तुतवार, लांब वाकड्या चोचीचे कोरल, लाल पायांचे शेकाटे, चिखलात डोळ्यांपर्यंत चोच खुपसणारे पाणटिवळे. ओहोटीला सगळे एकाच सपाटीवर चरतात. भरती आली की सगळे उठून एखाद्या मिठागराच्या बांधावर दाटीने बसतात. पाहणाऱ्याला तो एक थवा वाटतो. प्रत्यक्षात त्यात हजारो किलोमीटर लांबून आलेले आहेत, कच्छहून आलेले आहेत, आणि जन्मात खाडी न ओलांडलेलेही आहेत. कोणाचं कोणाशी रक्ताचं नातं, हे उडण्यावरून कळत नाही.

या प्रकरणाचा विषय तोच आहे. पाखरू किती लांब उडतं यावर त्याच्या जनुकांचा प्रवास ठरत नाही. ते अंडी कुठे घालतं यावर ठरतो. तिबेटच्या पठारावर जन्मलेला चिखल्या हिवाळ्यात अलिबागजवळच्या आक्षीच्या वाळूवर येतो आणि उन्हाळ्यात पुन्हा आपल्याच पठारावर जाऊन घरटं करतो. त्याने दर वर्षी कित्येक हजार किलोमीटर कापले तरी त्याची जनुकं आहेत तिथेच राहिली. उलट एखादी पाणकोंबडी बांध ओलांडून शेजारच्या खाडीत गेली आणि तिथे संसार थाटला, तर जनुकांनी खरा प्रवास केला. म्हणून शास्त्रज्ञ पिल्लाच्या जन्माची जागा आणि त्याच्या पहिल्या घरट्याची जागा यांमधलं अंतर मोजतात. माहेर ते सासर, एवढंच ते अंतर.

ही माहेर-सासरची भाषा पक्ष्यांच्या बाबतीत नुसती हौस म्हणून वापरलेली नाही. १९८० साली पॉल ग्रीनवुड या ब्रिटिश अभ्यासकाने पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या नोंदी पडताळून एक सर्वसाधारण नियम मांडला. सस्तन प्राण्यांत बहुधा नर घर सोडून लांब जातात, पक्ष्यांत बहुधा माद्या. नर जागा धरून बसतो, मुलगी गाव बदलते. बदकांनी मात्र उलटी रीत पाळली आहे. त्यांच्या जोड्या हिवाळी मुक्कामावर जमतात, मादी आपल्या जन्मगावी परतते आणि नर घरजावई होऊन तिच्या मागे जातो.

आता हे अंतर मोजायचं कसं? जुना मार्ग म्हणजे पायात कडं घालणं. भारतात हे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ साली सुरू केलं, आणि त्याला पैसा दिला धारच्या महाराजांनी. माळव्यातल्या मराठी पवारांच्या दौलतीतून भारतीय पक्ष्यांच्या पायात पहिली कडी गेली, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा सांगितली जात नाही. पुढे १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींनी हे काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं. सलीम अली तसे रायगडचेही. अलिबागजवळच्या किहीमला १९३० साली त्यांनी सुगरणीच्या संसाराचा जो अभ्यास केला, त्याने त्यांचं नाव झालं.

कड्याची मर्यादा अशी की तोच पक्षी पुन्हा कोणाच्या तरी हाती किंवा दुर्बिणीत यावा लागतो, आणि बहुतेक येत नाहीत. दुसरा मार्ग रक्ताचा. पंखाखालच्या शिरेतून घेतलेला एक थेंब किंवा गळलेलं पीस पुरतं. त्यातला डीएनए वाचून दोन ठिकाणच्या पक्ष्यांची तुलना करता येते. आईकडूनच येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मातृकुळ सांगतो, पेशीच्या केंद्रातला डीएनए दोन्ही कुळं. दोन खाड्यांतले पक्षी एकमेकांत मिसळत असतील तर फरक पुसले जातात. मिसळणं थांबलं तर प्रत्येक खाडीत कोणती जनुकं टिकतील आणि कोणती जातील हे हळूहळू नशिबावर ठरू लागतं. थवा जितका लहान, तितका नशिबाचा हात मोठा.

याचं गणित १९२० आणि ३० च्या दशकांत तिघांनी बसवलं: रोनाल्ड फिशर, स्यूअल राइट आणि जे. बी. एस. हाल्डेन. राइटच्या गणितातून निघालेला एक निष्कर्ष ऐकायला खोटा वाटतो. दोन वस्त्या फार वेगळ्या पडू नयेत यासाठी दर पिढीला साधारण एक जीव इकडून तिकडे जाऊन नांदला तरी पुष्कळ आहे, मग वस्ती शंभराची असो की लाखाची. हाल्डेन १९५७ साली भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांच्या पत्नी हेलन स्पर्वे आणि सहकारी सुरेश जयकर यांनी माळटिटवीच्या घरट्यांचा अभ्यास करून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले. जगातलं सर्वांत अमूर्त जीवशास्त्र करणाऱ्या घरात टिटवीची अंडीही मोजली जात होती.

आता आपल्या चिखलाकडे.

सगळ्यांच्या ओळखीचा पाहुणा म्हणजे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. मोठा आणि छोटा असे दोन्ही रोहित ठाण्याच्या खाडीत एक लाखाच्या वर जमतात. तिथे २०१५ साली अभयारण्य झालं आणि २०२२ साली त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच २०२२ च्या जानेवारीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सहा रोहितांना उपग्रहाशी बोलणारी यंत्रं लावली आणि त्यांची नावं ठेवली हुमायून, मॅककॅन, खेंगारजी, सलीम, लेस्टर आणि नवी मुंबई. यांतलं खेंगारजी हे नाव कच्छच्या महारावांचं. पावसाळा आला तसा हुमायून नवी मुंबईहून उडाला आणि भावनगरच्या बाजूला उतरला. मुंबईचे रोहित गुजरातचे, हे लोकांना माहीत होतंच; आता रस्ताही दिसला.

पण गुजरातचे रोहित कोणाचे? छोटा रोहित जगात मोजक्याच ठिकाणी मोठ्या संख्येने अंडी घालतो: टांझानियातलं नेट्रॉन सरोवर, नामिबियातलं इटोशा, बोट्स्वानातली मकगडीकगडीची मिठाची मैदानं, काही वर्षं दक्षिण आफ्रिकेतलं कॅम्फर्स धरण, आणि भारतात कच्छचं रण. आफ्रिका आणि कच्छ यांच्यामध्ये अख्खा अरबी समुद्र आहे. आणंद कृषी विद्यापीठाचे बी. एम. पराशर्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत आणि पूर्व आफ्रिकेतल्या छोट्या रोहितांचा डीएनए ताडून पाहिला. त्यांचा लेख २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतून निघणाऱ्या ‘ऑस्ट्रिच’ या नियतकालिकात आला. दोन्हीकडच्या पक्ष्यांत जनुकांची देवाणघेवाण चालत आल्याच्या खुणा त्यांना सापडल्या. याचा व्यवहारी अर्थ मोठा आहे. नेट्रॉनवर सोडाखाराचा कारखाना उभा राहिला तर त्याची झळ कच्छपर्यंत, म्हणजे पर्यायाने ऐरोली-उरणपर्यंत पोचू शकते.

रोहित असा मोकळा का? कारण त्याला जन्मगावाची ओढ परवडत नाही. कच्छच्या रणात एका वर्षी हवं तेवढं पाणी साचतं, पुढच्या वर्षी साचतच नाही. जिथे जमेल तिथे अंडी घालणं हाच त्याचा शहाणपणा आहे.

याच्या बरोबर उलट बाजूला आक्षीच्या किनाऱ्यावर धावणारा छोटा चिखल्या आहे. हिवाळ्यात राखाडी, ओळखीच्या खुणा जवळजवळ नाहीत. त्याचे पाच उपप्रकार कित्येक वर्षं पुस्तकांत एका जातीखाली नांदले: दोन पूर्व सैबेरियाकडचे, तीन तिबेट, लडाख, पामीर आणि तिआनशानच्या उंच पठारांवरचे. २०२२ साली चिनी, रशियन आणि युरोपीय अभ्यासकांनी त्यांचा जनुकसंच तपासला, तेव्हा हे दोन गट एकमेकांचे सख्खे निघालेच नाहीत. त्यातला एक गट ‘मोठा चिखल्या’ नावाच्या वेगळ्या जातीच्या अधिक जवळचा ठरला. त्यानंतर पक्ष्यांच्या याद्यांत सैबेरियन आणि तिबेटी अशा दोन जाती झाल्या. कोकणात हिवाळा काढणारे ते तिबेटी. हे पक्षी पूर्व आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंतचे किनारे पालथे घालतात, पण अंडी घालायला आपापल्या पठारावरच जातात, म्हणून इतकं उडूनही वेगळे राहिले.

सर्वांत चमत्कारिक गोष्ट मात्र केंटिश चिखल्याची. इंग्लंडच्या केंट परगण्यावरून त्याला नाव मिळालं आणि गंमत अशी की केंटमध्ये तो आता घरटं करत नाही. मिठागरं ही त्याची आवडती जागा. उघड्या जमिनीवर तो तीन अंडी घालतो, आणि पिल्लं बाहेर आली की बरेचदा मादी संसार नराच्या गळ्यात टाकून निघून जाते. त्याच हंगामात ती दुसरीकडे, कधी शेकडो किलोमीटरवर, दुसरा नर गाठते आणि पुन्हा अंडी घालते. एका हंगामात दोन सासरं. २०१२ साली क्लेमेन्स क्यूपर, बाथ विद्यापीठाचे टामास सेकेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की स्पेन-पोर्तुगालपासून पूर्व आशियापर्यंतच्या भूखंडावर पसरलेल्या या पक्ष्यांत जनुकांचा फरक जवळपास नाहीच; जो आहे तो लांबच्या बेटांवरच्या पक्ष्यांत. पुढे २०१७ साली याच परंपरेतल्या अभ्यासकांनी अनेक जातींच्या चिखल्यांची तुलना केली. एका जोडीदाराशी नांदणाऱ्या जातींत वस्त्या लवकर वेगळ्या पडतात आणि जोडीदार बदलणाऱ्यांत उशिरा, असं त्यांना आढळलं. पक्ष्यांच्या नव्या जाती होण्याचा वेग त्यांच्या संसाराच्या रीतीवर ठरावा, हे सुचायलाही धाडस लागतं. त्यांनी ते आकड्यांनी दाखवलं.

भूखंडभर एकसारख्या असलेल्या या पक्ष्याचा एक तुकडा मात्र वेगळा निघाला, आणि तो आपल्या शेजारचा. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या मिठागरांवर व खारकच्छांत बारमाही राहणाऱ्या केंटिश चिखल्याला १९१५ सालीच उपजातीचं नाव मिळालं होतं. २०२३ साली श्रीलंकेच्या आणि चीनच्या अभ्यासकांनी सेकेलींसह त्याचा डीएनए, मोजमापं आणि पिसारा तपासला. साधारण बारा लाख वर्षांपूर्वीच त्याची वाट वेगळी झालेली होती. आता ती स्वतंत्र जात मानली जाते आणि रामसेतूच्या दोन्ही टोकांना राहणारी म्हणून तिला ‘हनुमान प्लव्हर’ म्हणतात. दर हिवाळ्यात उत्तरेचे केंटिश चिखले त्याच किनाऱ्यांवर येतात, त्याच्या शेजारी चरतात, आणि वसंतात निघून जातात. एका चिखलावर चरणं हा सोयरसंबंध नव्हे.

पाहुण्यांचं इतकं झालं, घरच्यांचं काय? कोकणच्या खाड्यांत एक निळा-पांढरा खंड्या राहतो, मानेभोवती पांढरी पट्टी असलेला. गावातल्या विहिरीवर बसणारा तपकिरी-निळा खंड्या वेगळा. हा तिवरं सोडून फारसा आत येत नाही. निवट्या आणि लहान खेकड्यांवर त्याचं भागतं, घरटं झाडाच्या पोकळीत. या वस्तीला शास्त्राने ‘विडाली’ हे नाव दिलं ते जी. डब्ल्यू. विडाल या सनदी अधिकाऱ्यावरून. रत्नागिरीकडे नोकरी करताना त्याने पक्षी गोळा केले आणि १८८० साली दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी ए. ओ. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढे असलेले ते हेच ह्यूम. खंड्याला नाव १८९२ साली बोडलर शार्प यांनी दिलं.

नकाशा पाहिला म्हणजे या खंड्याचं एकटेपण कळतं. त्याचे पूर्वेकडचे भाऊबंद थेट बंगालच्या उपसागराच्या बाजूला. पश्चिमेकडचे तांबड्या समुद्राकाठी, आणि एक इवलीशी वस्ती संयुक्त अरब अमिरातीतल्या खोर कल्बाच्या तिवरांत. मध्ये शेकडो कोस खंड्याविना. आणि याच पक्ष्याचे सोयरे पूर्वेला प्रशांत महासागरात सामोआपर्यंत बेटाबेटांवर पसरलेले. एकूण उपजाती पन्नासच्या घरात. २०१५ साली मायकेल अँडरसन आणि सहकाऱ्यांनी या कुळाचा डीएनए वाचला. तेव्हा कळलं की हा विस्तार भूशास्त्राच्या हिशेबात अगदी अलीकडे आणि भराभर झाला, आणि ‘एक जात’ म्हणून मिरवणाऱ्यांत खरं तर अनेक जाती आहेत. म्हणजे कधी काळी हे कुळ समुद्र ओलांडत सुटलं, मग जिथे पोचलं तिथे मुक्काम ठोकून बसलं.

असं चिकटून बसणं खाऱ्या दलदलीतल्या लहान पक्ष्यांत पुन्हा पुन्हा दिसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात एकाच पाण्याभोवती गाणाऱ्या चिमण्यांच्या तीन उपजाती आहेत. तिथे १९५० च्या दशकात रिचर्ड जॉन्स्टनने कडी घालून पाहिलं, तर बहुतेक पिल्लांनी जन्मस्थानापासून काहीशे मीटरांतच घर केलं होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची खाजणचिमणी तर चंद्राच्या तिथीवर जगते. ती गवतात जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर घरटं बांधते. एक उधाण ओसरताच अंडी घालायची आणि पुढच्या उधाणाच्या आत पिल्लं चढण्याजोगी करायची. समुद्र वर चढतो आहे तसा हा मधला अवकाश अपुरा पडतो. १९९८ ते २०१२ या काळात ती दर वर्षी सुमारे ९ टक्क्यांनी घटली. थवे लहान झाले की उत्तरेकडच्या जवळच्या जातीशी तिचे संकर अधिक महत्त्वाचे ठरतात, म्हणून तिथले जनुकतज्ज्ञ मेन ते मॅसॅच्युसेट्स या पट्ट्यावर नजर ठेवून आहेत.

आपल्याकडे उधाणाची कहाणी निराळ्या अंगाने चालते. पेणच्या खारेपाटात उधाणाला बांधाला खांड जाते, खारं पाणी भाताच्या शेतात शिरतं, आणि खांड वेळेवर बुजवली नाही तर काही वर्षांत तिथे तिवरं उभी राहतात. पक्षीप्रेमी कधी कधी याला निसर्गाचं पुनरागमन म्हणतात. ज्याची भातशेती गेली त्याच्यासमोर हे बोलू नये. शिवाय पक्ष्यांच्या बाजूनेही ते अर्धंच खरं आहे. तिवर वाढलं की खंड्याची सोय होते, पण चिखल्याला, तुतवाराला, पाणटिवळ्याला उघडा चिखल लागतो. झाडी त्याला नको. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि मग २०१८ च्या निकालात कांदळवनाला भक्कम संरक्षण दिलं, ते योग्यच झालं. उजाड दिसणारी चिखलाची सपाटी आणि बंद पडलेलं मिठागर यांना मात्र तशी ढाल नाही, आणि भराव टाकणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट. रायगडच्या या खाड्या नकाशावर जवळजवळ आहेत, आणि मजबूत पंखांच्या पाखराला एकीतून दुसरीत जाणं अवघड नाही. प्रश्न जाण्याचा नसून उतरण्याचा आहे. मधल्या लहान खाड्या, ओढ्यांची मुखं, बांधाआडची डबकी भरून टाकली की खंड्यासारख्या बारमाही रहिवाशाचं पोर दुसऱ्या खाडीत पोचण्याची शक्यता घटते. राइटच्या हिशेबाने पिढीला एकानेच जायला हवं असतं, पण त्या एकाला वाटेत बसायला फांदी हवी. म्हणून संरक्षण एकेका खाडीचं न करता खाड्यांच्या ओळीचं करायला हवं. धरमतर राखली आणि मधलं सगळं बुजवलं, तर कागदावर क्षेत्र तेवढंच दिसेल आणि वस्ती मात्र एकटी पडेल.

हे सगळं कळायला प्रयोगशाळा लागते, पण सुरुवात दुर्बिणीने होते. आक्षीच्या वाळूवर, रेवदंड्याच्या चिखलात किंवा पेणच्या एखाद्या मिठागरावर पाखराच्या पायात धातूचं कडं किंवा रंगीत झेंडी दिसली तर जमल्यास छायाचित्र घ्या, अक्षरं-आकडे आणि रंगांचा क्रम लिहून ठेवा, तारीख व ठिकाण टिपा, आणि मुंबईत हॉर्नबिल हाउसला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे कळवा. जुन्या कड्यांवर तीच विनंती कोरलेली आहे.